पेपरमिंटचं तेल वेगळं, पेपरमिंटचा अर्क वेगळा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. काचेचा बाउल, त्यात ओल्या चुन्यासारखा पांढरट गोळा आणि गोळ्यात उभा रुतलेला चमचा. खाली लिहिलेलं असतं, ‘अगं, याचं काय करू?’ मी फोटो मोठा करूनसुद्धा बघत नाही. उलट विचारते, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. उत्तर ठरलेलं: ‘पेपरमिंट इसेन्स आहे गं. चांगल्यातला आहे, महागाचा.’

महागाचाच असणार. पण बाटलीवर ‘इसेन्स’ लिहिलेलंच नसतं. इथे अमेरिकेतल्या दुकानांत एक मिळतो पेपरमिंट एक्स्ट्रॅक्ट आणि एक मिळतं पेपरमिंट ऑइल, आणि दोन्हींना इसेन्स म्हणणारे आपण. लहानपणापासून सवयच तशी. केवड्याचा इसेन्स, केळ्याचा इसेन्स, अननसाचा इसेन्स. इवल्याशा बाटलीतून वासाचं जे काही येईल ते इसेन्स. केकच्या पिठात किंवा सरबतात ते खपून जातं, कारण तिथे पाणी असतंच. चॉकलेटमध्ये खपत नाही, त्याचा फोटोतल्यासारखा गोळा होतो. दर वर्षी हे फोनवर सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

ज्यावरून हे रामायण घडतं तो पेपरमिंट बार्क तुम्हाला माहीत आहेच. नाताळात इथे मुलांच्या शाळेतल्या बाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो वाटला जातो. खाली डार्क चॉकलेटचा थर, वर व्हाइट चॉकलेटचा, त्यावर कुटलेल्या कँडी केन, म्हणजे मुठीच्या काठीसारख्या वाकड्या लाल-पांढऱ्या साखरेच्या काड्या; घट्ट झालं की झाडाच्या सालीसारखे वेडेवाकडे तुकडे मोडायचे, म्हणून बार्क. विल्यम्स सोनोमा या स्वयंपाकाचं सामान विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९९८ साली तो डब्यात घालून विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून घराघरांत त्याची नक्कल चालू आहे. ओव्हन लागत नाही, पाक धरायला लागत नाही, मुलं करू शकतात.

आता बाटल्या. ऑइल म्हणजे पेपरमिंटच्या झाडापासून वाफेवर काढलेलं तेल, त्यात दुसरं काही नाही. एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे अर्क, म्हणजे तेच तेल अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं, सोबत थोडं पाणी. बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली तर अल्कोहोलचं नाव पहिलं दिसतं. म्हणजे चमचाभर अर्क घालता तेव्हा पेपरमिंट असतं नावाला; बाकीचा चमचा अल्कोहोल आणि पाण्याचा. (घरी येणाऱ्यांपैकी कोणाला अल्कोहोल चालत नसेल, तर हेही लक्षात ठेवा. तेलात ते नसतं.)

चॉकलेटला हे का चालत नाही? वितळलेलं चॉकलेट ओलं दिसतं, पण ते ओलं नसतं. कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या तुपासारख्या स्निग्धात, साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण तरंगत असतात, पाण्याचा अंश जवळजवळ नसतोच. स्निग्धपणामुळे कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून चॉकलेट चमच्यावरून धारेने खाली येतं. त्यात पाण्याचे चार थेंब पडले की साखरेचे कण ते थेंब ओढून घेतात, चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. साखरेच्या डब्यात कोणी ओला चमचा घातला की काय होतं ते आठवा. बाकी डबा कोरडा, आणि चमचा लागला तिथे दगडासारखी गुठळी. बाउलमध्ये तेच होतं, फक्त सगळ्या बाउलभर, आणि तुमच्या डोळ्यांदेखत. आधी धार तुटते, मग चकाकी जाते, मग चमच्याला जोर लावावा लागतो, आणि चौथ्यांदा ढवळेपर्यंत चुन्याचा गोळा.

यातली गंमत अशी की थोडं पाणी मारक आणि भरपूर पाणी चालतं. साखरेच्या त्याच डब्यात तांब्याभर पाणी ओतलं तर गुठळी राहील का? चॉकलेटमध्ये वाटीभर गरम क्रीम ओतलं की गनाश होतं ते त्यामुळेच. म्हणून गोळा झालेलं चॉकलेट टाकून देऊ नका. चमचा चमचा कडकडीत दूध घालून ढवळत राहा, सैल होऊन सॉस होईल. आइस्क्रीमवर घाला, दुधात घालून प्या. पण बार्क त्याचा होणार नाही. ‘तूप घालून बघू का?’ हा प्रश्न मला दर वर्षी येतो. तूप घातलं तर ते ढिलं होईल, पण कटकन मोडणारा तुकडा त्यातून यायचा नाही. बार्कचं चॉकलेट नवीनच घ्या.

तेल घातलं की हा प्रश्न उद्भवत नाही. तेल कोको बटरमध्ये मिसळून जातं आणि चॉकलेट तसंच वाहतं राहतं.

आता कोणी म्हणेल, आम्ही दर वर्षी अर्कच घालतो आणि काही होत नाही. होतं असं. भरपूर डार्क चॉकलेटमध्ये अर्धा छोटा चमचा अर्क पडला तर कधी कधी नुसतं जाड होण्यावर निभावतं. व्हाइट चॉकलेट जास्त नाजूक. त्यात साखर आणि दुधाची पावडरच जास्त. आणि पुष्कळदा काही होत नाही म्हणणाऱ्यांच्या बाउलमध्ये व्हाइट चॉकलेट नसतंच. ‘व्हाइट बेकिंग चिप्स’ लिहिलेली ती पिशवी बघा, तिच्यावर चॉकलेट हा शब्द सापडतो का. अमेरिकेत व्हाइट चॉकलेट म्हणायचं तर किमान २० टक्के कोको बटर लागतं. पिशवीत त्याऐवजी पाम कर्नल तेल असेल तर तो शब्द छापता येत नाही. त्या चिप्सचा बार्क लागतो मेणासारखा, टाळूला चिकटून बसतो. एवढ्या कँडी केन कुटायच्या आणि खाली मेण पसरायचं? मला पटत नाही.

दुसरी चूक उलट्या बाजूची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. कोणीतरी ‘तेल घाल’ म्हणतं आणि आपण कृतीत एक छोटा चमचा अर्क लिहिलाय म्हणून एक छोटा चमचा तेल ओततो. तेल अर्काच्या तीन-चार पट जहाल असतं. माझा पहिला बार्क खाऊन नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलगा म्हणाला, ‘आई, हे थुंकायचं का गिळायचं?’ तेव्हापासून थेंब मोजते. ३५० ग्रॅम चॉकलेटला आधी आठ थेंब. ढवळायचं, चमच्याच्या टोकावर घेऊन गार होऊ द्यायचं, चाखायचं, मग हवे तर आणखी दोन-चार. गरम असताना चाखून ठरवू नका. पेपरमिंटमधलं मेंथॉल जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकालाच, म्हणजे रिसेप्टरलाच, डिवचतं. (हा ग्राहक ज्यांनी स्वतंत्रपणे शोधला त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मेंथॉल दोघांनीही वापरलं होतं.) जीभ गरम चॉकलेटने पोळलेली असताना त्याला विचारून काय उपयोग?

तेल घालायचं ते चॉकलेट आचेवरून उतरवल्यावर, नाहीतर वास स्वयंपाकघरभर आणि बार्क कोरडा. मी फक्त व्हाइटच्या थरात घालते. खालचं डार्क कडसर आणि साधंच बरं. आणि स्टीलचा चमचा किंवा काचेचा ड्रॉपर घ्या, काही प्लास्टिकवर हे तेल चरे पाडतं.

तर मग अर्क फेकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याची जागा पॅटीत आहे. बाहेर काळं चॉकलेट आणि आत पांढरी गार गोड चकती, ती पेपरमिंट पॅटी. तिचा नावाजलेला ब्रँड पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात १९४० साली निघाला म्हणून त्याचं नाव यॉर्क. तीसुद्धा ओव्हनशिवाय होते. २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, दीड छोटा चमचा अर्क आणि मावेल तितकी पिठीसाखर, साधारण ३५० ग्रॅम. मळून पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट गोळा करायचा, चकत्या थापायच्या, दोन-तीन तास उघड्यावर सुकवायच्या, मधे एकदा उलटायच्या आणि वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवायच्या. त्या चॉकलेटमध्ये कसलाही वास घालायचा नाही, म्हणजे गोळा होण्याची भीतीच नाही.

इथे अर्क का चालतो ते आता सांगायला नको. दुधात पाणी आहेच, अर्कातल्या पाण्याने काय बिघडणार? उलट इथे तेलाची अडचण होते. ते ओल्या गोळ्यात सारखं पसरत नाही, मळण्यात जरा कसूर झाली की एका चकतीत झणका आणि दुसरीत नुसती साखर. अर्कात ते आधीच विरघळलेलं असतं, त्यामुळे सगळीकडे सारखं जातं. घरात तेलच असेल तर पाच-सहा थेंब आधी मूठभर पिठीसाखरेत बोटांनी चोळा आणि मग ती साखर गोळ्यात घाला.

पुण्यामुंबईत करणाऱ्यांसाठी: केकचं सामान विकणाऱ्या दुकानात नुसतं ‘पेपरमिंट’ मागू नका. आपल्याकडच्या बऱ्याच इसेन्सचा पाया प्रॉपिलिन ग्लायकॉल या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाचा असतो, तोही चॉकलेटला धार्जिणा नाही. ‘चॉकलेटसाठी, ऑइल सोल्युबल’ असं सांगून मागा आणि बाटलीवर वाचून घ्या.

आणि एक, पानवाल्याकडचं पिपरमिंट घालू नका. माझ्या नणंदेने नाशिकला ते केलं होतं. ते पांढरे सुईसारखे खडे, ज्यांना आपण पुदिन्याचं फूल म्हणतो आणि अमृतधारेत कापूर, ओव्याच्या फुलाबरोबर घालतो, ते निव्वळ मेंथॉल. ते बहुतेक वेगळ्याच पुदिन्यापासून येतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे त्याची मोठी शेती आहे. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल साधारण निम्मं किंवा त्याहून कमी, बाकीच्या घटकांमुळे त्याला गोडसर हिरवा वास येतो. खड्यांत नुसता गारवा. खाल्लं की छातीला बाम चोळल्यासारखं वाटतं.

बाकीचे घोळ किरकोळ. नुसतं ‘मिंट’ लिहिलेल्या बाटलीत बहुधा स्पिअरमिंट हा पुदिन्याचा दुसरा प्रकार मिसळलेला असतो, त्याने बार्कला च्युइंगगमची चव येते. अरोमाथेरपीच्या दुकानातलं तेल हुंगण्यासाठी असतं. खाण्याचं असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. कँडी केनचा आकार येशूच्या इंग्रजी नावातल्या पहिल्या अक्षरावरून आला ही गोष्ट दर वर्षी कोणीतरी पुढे ढकलतं. तिला काही आधार नाही, ढकलू नका.

त्या काड्यांबद्दल मात्र एक सांगते, कारण पाणी तिथूनही शिरतं. कँडी केन हवेतली ओल ओढून घेते. काल कुटून ठेवलेला चुरा आज चिकट होतो आणि पांढऱ्या चॉकलेटवर गुलाबी ओघळ सोडतो. आयत्या वेळी कुटा, पिठाच्या चाळणीने भुकटी चाळून काढा आणि वर उरलेले तुकडे व्हाइटचा थर ओला असतानाच पेरा. खाली राहिलेली भुकटी कॉफीत छान लागते. व्हाइटचा थर ओतायचा तो डार्क नुकतं घट्ट झाल्यावर. फ्रिजमध्ये पार दगड होऊ दिलं तर मोडताना दोन थर सुटे होतात.

झालेला बार्क हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा फराळाच्या कपाटात ठेवू नका. मागच्या वर्षी मी ठेवला होता, बेसनाच्या लाडवांशेजारी, झाकण जरा तिरकं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी लाडू तोंडात घातला, चावायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, ‘यात वेलदोड्याऐवजी काय घातलंस गं?’