न्यूरल ट्रिगर

कणभौतिकीच्या प्रयोगात डिटेक्टरने टिपलेली कोणती घटना साठवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे विदा (डेटा) वाहत असतानाच ठरवणाऱ्या यंत्रणेला ट्रिगर म्हणतात. हा निर्णय पूर्णतः किंवा अंशतः आधी शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यावर, सोपवलेला असेल, तर तो न्यूरल ट्रिगर. निर्णयवृक्षांवर, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या शिकवलेल्या साखळ्यांवर, आधारलेल्या पद्धतीही सैलपणे याच नावाखाली घेतल्या जातात. जिनिव्हाजवळील सर्नच्या एलएचसी त्वरकात कणपुंज दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना छेदतात. सेकंदाला सुमारे ४ कोटी छेद होतात. त्यांतून तेथील सीएमएस प्रयोगाच्या ट्रिगरचा पहिला स्तर, म्हणजे सर्वांत आधीची जलद चाळणी, सेकंदाला १ लाखाच्या आसपास घटना पुढे जाऊ देतो. प्रत्येक निर्णयाला जेमतेम ४ मायक्रोसेकंद मिळतात. नाकारलेली घटना कायमची गेली.

या पद्धतीची सुरुवात नेमकी कोठून धरावी, हे ‘ट्रिगर’ शब्दाला किती काटेकोर धरायचे यावर अवलंबून आहे. न्यूरल नेटवर्कने कणमार्ग ओळखण्याची कल्पना साधारणतः १९८८-८९ च्या सुमारास ब्रूस डेन्बी आणि कार्स्टन पीटरसन या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली; पण ते संगणकावरचे काम होते. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी इंटेलची ईटॅन ही ॲनालॉग चिप एका ड्रिफ्ट चेंबरला (कणमार्ग टिपणाऱ्या, वायू व तारांच्या डिटेक्टरला) जोडली आणि कणमार्गाचा उतार व अक्षाशी होणारा छेद तिथल्या तिथे काढून दाखवला. यंत्रात उतरलेले नेटवर्क एवढाच निकष असेल तर अग्रमान या चाचणीकडे जातो. मात्र कोणती घटना ठेवायची हे त्या चिपने ठरवले नव्हते. नियमित विदासंकलनात दीर्घकाळ निर्णय देणारी यंत्रणा हा निकष लावला, तर हॅम्बुर्ग येथील डेझी संस्थेच्या हेरा त्वरकावरील एच१ प्रयोगाचा दावा अधिक भक्कम ठरतो.

एच१ मध्ये १९९६ च्या सुमारास दुसऱ्या स्तरावर न्यूरल नेटवर्क बसवण्यात आले. पहिला स्तर २.३ मायक्रोसेकंदांत निकाल देई, दुसऱ्याला २० मायक्रोसेकंदांची मुदत असे, आणि तेवढा वेळ डिटेक्टर नव्या टकरी टिपू शकत नसे. गणित सीनॅप्स नावाच्या समांतर डिजिटल चिपांवर चाले. नेटवर्कला कच्चे संकेत न देता पहिल्या स्तराने काढलेल्या बेरजा दिल्या जात: कॅलरीमीटर या ऊर्जामापक भागातली ऊर्जा, कणमार्गांची संख्या वगैरे. एकच सर्वज्ञ नेटवर्क न ठेवता प्रत्येक प्रकारच्या घटनेसाठी, उदाहरणार्थ जे/साय कणाच्या निर्मितीसाठी, वेगळे नेटवर्क शिकवलेले असे. नळीत उरलेल्या वायूवर शलाका आदळून होणाऱ्या निरुपयोगी टकरी गाळणे हे त्यांचे मुख्य काम. हेरा २००७ मध्ये बंद झाला.

पुढे या कामासाठी एफपीजीए चिपांचा, म्हणजे अंतर्गत रचना हवी तशी बदलता येणाऱ्या चिपांचा, वापर रूढ झाला. सीएमएसच्या म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड कण) शोधात २०१६ च्या सुमारास निर्णयवृक्ष आले, पण चिपवर ते प्रत्यक्ष चालवले जात नव्हते. शक्य त्या सर्व आदानांची (इनपुटांची) उत्तरे आधीच काढून सुमारे १ गिगाबाइट स्मृतीतल्या तक्त्यात भरली होती आणि टकरीच्या वेळी फक्त तक्ता वाचला जाई. याला तत्क्षण यंत्रशिक्षण म्हणावे का, हा वादाचा मुद्दा आहे. भौतिकीच्या दृष्टीने परिणाम तोच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएलएसफोरएमएल या साधनामुळे शिकवलेले नेटवर्क थेट चिपच्या रचनेत उतरवणे सोपे झाले. त्यात वजने, म्हणजे नेटवर्कच्या जोडण्यांचे शिकलेले आकडे, ३२ बिटांऐवजी ८ किंवा त्याहून कमी बिटांत बसवतात आणि नगण्य जोडण्या छाटतात.

जपानमधील त्सुकुबा येथील बेल-२ प्रयोगाचे नेटवर्क आजच्या मानाने फार लहान आहे: २७ आदाने, ८१ आंतरिक घटक, २ उत्तरे. कणमार्ग शलाकेच्या अक्षावर कोठून निघाला आणि कोणत्या कोनात, एवढेच ते सांगते. उगम टकरीच्या बिंदूपासून दूर असेल तर तो मार्ग बहुधा भिंतीवर आदळलेल्या शलाकेचा असतो. त्यामुळे केवळ एका कणमार्गावरूनही घटना राखता येते, आणि टाऊ या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या अभ्यासाला त्याचा विशेष लाभ होतो. २०२१ पासून हा ट्रिगर कार्यरत आहे.

सीएमएसमध्ये २०२४ साली ॲक्सोलॉटल हे नेटवर्क पहिल्या स्तरावर आले. त्याला कोणताही विशिष्ट कण शोधायला शिकवलेले नाही. नेहमीच्या घटनांहून वेगळे दिसेल त्याला ते सुमारे ५० नॅनोसेकंदांत गुण देते. नवा कण आणि बिघडलेला डिटेक्टर दोन्ही वेगळेच दिसतात, हा आक्षेप त्यावर घेता येतो आणि तो गैरलागू नाही.

अणुकेंद्रीय भौतिकीत चित्र निराळे आहे. एलएचसीवरील ॲलिस प्रयोगाने आणि जर्मनीतील नियोजित सीबीएमने ट्रिगरऐवजी अखंड वाचनाची, म्हणजे घटना न निवडता डिटेक्टरची सगळी विदा सतत वाचत राहण्याची, पद्धत स्वीकारली आहे. तेथे विदेचे संक्षेपण आणि कणमार्गांची जुळणी ही कामे महत्त्वाची ठरतात.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस आणि बेल-२ या दोन्ही प्रयोगांत सहभागी आहे. बेल-२ च्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर या संस्थेच्या गटाने उभारला. मात्र पहिल्या स्तराच्या ट्रिगरमध्ये त्या डिटेक्टरचे संकेत घेतले जात नाहीत.