केबल जोडली की टेप ‘कॉपी’ होते?

जुन्या कॅमकॉर्डरची टेप संगणकावर घ्यायची म्हणजे पेनड्राइव्हसारखी केबल लावायची आणि फाइल ओढून टाकायची, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. व्हीएचएस-सी, व्हिडिओ८ किंवा हाय८ टेपवर मुळात फाइल नसतेच. तिथे असतो चुंबकीय पट्टीवर उमटलेला, सतत बदलणारा सिग्नल. तो आकड्यांत बदलण्यासाठी मध्ये कॅप्चर कार्ड किंवा कन्व्हर्टर लागतो, आणि टेप चालते त्याच वेगाने काम होते. तासभराच्या टेपला तासभर! संगणक कितीही वेगवान असो, इथे त्याचा उपयोग नाही.

मग काहींच्या कॅमेऱ्यातून फायरवायरने, म्हणजे डिजिटल व्हिडिओ नेणाऱ्या केबलने, हाय८ टेप सरळ संगणकावर कशी येते? तो कॅमेरा बहुधा डिजिटल८ असतो. १९९९ मध्ये सोनीने आणलेल्या या प्रकारातले बरेच कॅमेरे हाय८ टेप वाचून आतल्या आतच तिचे डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, करतात. म्हणजे कन्व्हर्टर आहेच, फक्त दिसत नाही. काही कॅमेऱ्यांवरचे यूएसबीचे तोंड तर फक्त मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी असते. बरेच जण इथेच फसतात.

कॅमेऱ्याला एस-व्हिडिओ हे चित्राचे वेगळे तोंड असेल तर चित्राच्या नेहमीच्या पिवळ्या पिनेऐवजी तेच वापरा. उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात, कडा स्वच्छ राहतात. आवाजाच्या तारा मात्र निराळ्या जोडाव्या लागतात. डीव्हीत घेतल्यास तासाला सुमारे १३ जीबी जागा मोकळी ठेवा.