पवनचक्कीतून निघालेली विद्याशाखा

केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेणाऱ्या बऱ्याच मुलांना वाटतं, इथे केमिस्ट्रीच शिकायची, फक्त जरा मोठ्या प्रमाणावर. वर्ष-दोन वर्षांत हा समज गळून पडतो, कारण पुढ्यात येतात पंप, हीट एक्स्चेंजर (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र), कॉलम (उंच उभी टाकी) आणि आत किती गेलं, बाहेर किती आलं याचे हिशेब. असं का, हे या शाखेच्या जन्मकथेत सापडतं.

काच आणि साबणाला लागणारा सोडा मिठापासून करायची फ्रान्सच्या निकोला लब्लाँची पद्धत १७९१ची. मिठावर सल्फ्युरिक आम्ल ओतलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटे. इंग्लंडमधले कारखाने तो धुराड्यातून सरळ हवेत सोडत आणि आसपासची झाडं, पिकं करपून जात. १८३६मध्ये विल्यम गॉसेज या सोडा कारखानदाराने एक पडीक पवनचक्की घेतली, तिच्यात काटक्या आणि झुडपं खच्चून भरली, वरून पाणी सोडलं आणि खालून तो वायू. काटक्यांवरून पाणी पातळ थराने ओघळू लागलं, वायूला सगळीकडून भिडलं आणि त्याने वायू शोषून घेतला. हा वायू पाण्यात विरघळतो हे तर आधीच ठाऊक होतं. गॉसेजने दिली ती दोघांना भेटायला भरपूर जागा. आजचा पॅक्ड कॉलम, म्हणजे आत तुकडे भरलेली उंच टाकी, हेच करतो, फक्त काटक्यांच्या जागी धातूची किंवा सिरॅमिकची कडी असतात. माझ्या मते ही शाखा खरी इथेच सुरू झाली. नाव मिळायला मात्र पुढे पन्नासेक वर्षं लागली.

१८६३च्या ब्रिटिश कायद्याने यातला ९५ टक्के वायू अडवणं सक्तीचं केलं आणि तपासायला निरीक्षक नेमले. पुढे जॉर्ज डेव्हिस हा असाच एक निरीक्षक झाला. कारखान्यामागून कारखाने पाहताना त्याच्या लक्षात आलं, की माल वेगवेगळा असला तरी कामं तीच आहेत : उकळणं, गाळणं, वाळवणं, विरघळवणं. १८८०मध्ये केमिकल इंजिनिअर्सची संस्था काढायचा त्याचा प्रयत्न फसला. १८८७मध्ये त्याने मँचेस्टरला केमिकल इंजिनिअरिंगवर बारा व्याख्यानं दिली आणि १८८८मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत लुईस नॉर्टन या प्राध्यापकाने याच विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. डेव्हिसला दिसलेल्या त्या समान कामांना १९१५मध्ये आर्थर लिटल या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिलं. साखर, पेट्रोल, रंग, औषधं अशा कुठल्याही कारखान्यात केमिकल इंजिनिअर रुजू होऊ शकतो, तो या एका कल्पनेच्या बळावर.

जर्मनीत मात्र रसायनतज्ज्ञ आणि यंत्र अभियंता अशी जोडी काम करी. रसायनतज्ज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९मध्ये हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया प्रयोगशाळेच्या टेबलावर करून दाखवला, पण तोच कारखान्यात करू पाहणाऱ्या कार्ल बॉशच्या पोलादी नळ्या फुटू लागल्या. हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घेई आणि पोलाद ठिसूळ होई. बॉशने नळीला आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि झिरपलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रं पाडली. १९१३मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथला अमोनियाचा कारखाना सुरू झाला.

१ जून १९७४ला इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटात २८ माणसं गेली, तेव्हाही रसायनशास्त्र चुकलं नव्हतं. तडा गेलेली एक रिअॅक्टर टाकी काढून तिच्या शेजारच्या दोन टाक्या एका तात्पुरत्या पाइपाने जोडल्या होत्या आणि तो पाइपच फुटला. त्या पाइपाचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती, तेवढंच होतं.