विलक्षण आधुनिक वास्तूंचे रसग्रहण

विसाव्या शतकात आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या, रूढ घाट मोडणाऱ्या इमारती डोळसपणे पाहणे. त्यांचा आकार, बांधणी, साहित्य आणि वापर यांचा मेळ लावून आस्वाद घेणे. चित्र आवडले नाही तर भिंतीवरून उतरवता येते. इमारत मात्र दोन-तीन पिढ्या जागची हलत नाही. तिची सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते आणि तिच्यावरून गावाची ओळख ठरते. त्यामुळे वास्तूचे रसग्रहण हा नुसता छंद राहत नाही, त्यात नागरिकाचा हक्कही येतो. या नोंदीत हा विषय कोल्हापूरहून पाहिला आहे. वेगळ्या आकारामागची गरज ओळखायला शिकवणाऱ्या वास्तू या परिसरात जुन्या काळापासून आहेत आणि त्या नजरेखालून गेल्या असल्या, की जगातली नवी बांधकामे अधिक नीट उमगतात.

सुरुवात खासबाग मैदानापासून करावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले, तेव्हा कुस्तीसाठी असे मैदान कोल्हापुरात हवे हे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगितले जाते. १९१२ च्या सुमारास मैदान तयार झाले. प्रेरणा रोमची असली तरी नक्कल झाली नाही, हे महत्त्वाचे. रोममध्ये कमानींवर कमानी रचून मजले चढवलेले आहेत. इथे बैठक चहूबाजूंनी उतरत हौद्याकडे, म्हणजे मधल्या कुस्तीच्या आखाड्याकडे येते. ना छप्पर, ना मधे खांब. मैदान कितीही भरले तरी कोणत्याही कोपऱ्यातून कुस्ती चितपट झालेली दिसावी, एवढ्या एका गरजेतून सगळा आकार निघाला आहे.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर दुसरा धडा देते. शिलाहारांच्या काळातील, बाराव्या शतकातील या मंदिराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताच्या मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळ आभाळाला मोकळे सोडले आहे. खालच्या गोल शिळेवर उभे राहून वर पाहिले, की छत म्हणजे फक्त पाऊस अडवणारी गोष्ट नव्हे, हे कुणी सांगावे लागत नाही. न बांधलेला भाग हाच या मंडपाचा कळस आहे. कोल्हापुरात महाद्वार रस्त्यालगतच्या बिनखांबी गणेश मंदिरापाशीही क्षणभर थांबावे. खांबाशिवाय छत पेलण्याचे आकर्षण काँक्रीट येण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

नवा राजवाडा (१८७७–८४) याच मालिकेत वेगळ्या कारणाने येतो. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याने युरोपीय घड्याळ-मनोरा, गुजरात-राजस्थानकडची नक्षी आणि इथल्या वाड्यांची धाटणी एकत्र आणून काळ्या घडीव दगडात ही वास्तू रचली. त्या काळच्या गावाला असे मिश्रण नवखेच होते. आज तिच्याशिवाय कोल्हापूरचे चित्र पुरे होत नाही. नव्या इमारतीला पहिल्या नजरेत नापास करण्याची घाई करू नये, याचा हा घरचा पुरावा.

जगातील विलक्षण आधुनिक वास्तूंमध्ये सिडनी ऑपेरा हाउसचे स्थान पहिले मानावे लागते, आणि ते केवळ बंदरावरच्या शुभ्र शिडांमुळे नव्हे. १९५७ मध्ये डेन्मार्कचे वास्तुकार यॉर्न उट्झन यांचे रेखाटन स्पर्धेत निवडले गेले तेव्हा ती छपरे बांधायची कशी, हे कुणालाच माहीत नव्हते. प्रत्येक छपराची वक्रता निराळी होती. म्हणजे प्रत्येकासाठी निराळे साचे आणि निराळे गणित. काम १९५९ मध्ये सुरू झाले तरी हा पेच सुटला नव्हता. अखेर उट्झन यांनी सगळी छपरे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढली. गोलाची वक्रता सगळीकडे सारखी असल्याने त्याच त्या साच्यांतून फासळ्या ओतता येऊ लागल्या आणि मनमानी वाटणारा आकार एकदम शिस्तीत बसला. वरती दहा लाखांहून अधिक फरशा बसवल्या आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद साय-रंगाच्या. म्हणून ऊन बदलते तसे छपराचे तेजही बदलते. सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज दहा कोटींच्या वर गेला. सरकारशी बेबनाव होऊन १९६६ मध्ये उट्झन काम सोडून गेले आणि १९७३ मध्ये खुली झालेली आपली इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. २००७ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. कल्पना आधी आणि रीत नंतर, हा क्रम किती महागात पडतो आणि कधी कधी किती मोलाचा ठरतो, हे या एका वास्तूत दोन्ही बाजूंनी दिसते.

पॅरिसमधील पाँपिदू हे कलाकेंद्र (१९७७) पाहताना नजर उलटी फिरवावी लागते. रेंझो पियानो व रिचर्ड रॉजर्स यांनी नळ, वाहिन्या, सरकते जिने असे जे सगळे भिंतीआड जाते, ते बाहेर काढले आणि रंगवले: हवेला निळा, पाण्याला हिरवा, विजेला पिवळा, माणसांच्या ये-जा करण्याला तांबडा. तेलशुद्धीचा कारखाना म्हणून त्या वेळी तिची हेटाळणी झाली. पण आतला मजला त्यामुळे पूर्ण मोकळा मिळाला आणि प्रदर्शन कसेही मांडता येऊ लागले. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत किंवा वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ही इमारत लवकर आपलीशी वाटेल. यंत्र उघडे असण्यात काही कमीपणा नाही, हे त्याला ठाऊक असते.

आकारातून बळ कसे मिळते, हे पाहायचे तर काँक्रीट आणि विटांच्या पातळ कवचांकडे जावे. फेलिक्स कांदेला यांनी मेक्सिकोतील सोचिमिल्को येथे १९५८ मध्ये बांधलेल्या उपाहारगृहाचे आठ पाकळ्यांचे छत जेमतेम चार सेंटिमीटर जाडीचे आहे. आपल्याकडच्या साध्या घराचा स्लॅबही याच्या दुपटीहून जाड असतो. सपाट स्लॅब वाकायला बघतो, दुहेरी वक्रतेचे कवच मात्र भार दाबाच्या रूपाने जमिनीपर्यंत पोहोचवते. सगळा फरक एवढाच. युरुग्वेतील आत्लांतिदा येथील चर्चमध्ये एलाडिओ दिएस्ते यांनी हीच युक्ती विटांनी केली. भिंत पायाशी सरळ आणि वर जाताना नागमोडी. ते वळण शोभेचे नाही. वळणामुळेच पातळ भिंत ताठ उभी राहते. हे चर्च २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. पंचगंगाकाठच्या वीटभट्ट्या पाहणाऱ्याला जगातल्या सगळ्या चमकदार इमारतींपेक्षा हे एक चर्च अधिक शिकवून जाईल, असे या लेखकाचे मत आहे. कारण त्यात दुर्मीळ असे काहीच नाही, फक्त गवंडीकाम आणि विचार.

स्पेनमधील बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय (१९९७) त्याच्या उलट टोकाला उभे आहे. फ्रँक गेरी यांची ही वळसेदार इमारत विमान-उद्योगासाठी बनवलेल्या संगणक-प्रणालीविना कागदावरून जागेवर उतरलीच नसती. टायटॅनियमचे पत्रे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ आहेत. लोखंड आणि जहाजबांधणीचे धंदे मंदावलेल्या शहरात तिने पर्यटक आणले, आणि मग अनेक शहरांना वाटू लागले की एक अचाट इमारत बांधली म्हणजे गावाचे नशीब फिरते. बिल्बाओने त्याच काळात मेट्रो आणि नदीकाठ सुधारण्यावरही मोठे काम केले होते, हे अनेकदा विसरले जाते.

कोल्हापूरहून सहज गाठता येणारी उदाहरणेही आहेत. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राची, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली वास्तू स्थानिक काळ्या दगडाच्या भिंती आणि मधले पायऱ्यांचे कुंड घेऊन विश्वाचा विषय मांडते. कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. काळा दगड कोल्हापूरकराला अंबाबाईच्या देवळापासून परिचित. तोच दगड इथे अगदी आजची भाषा बोलतो. अहमदाबादची गुफा तर खास जाऊन पाहावी. मूळ पुण्याचे बाळकृष्ण दोशी यांनी मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठी नव्वदीच्या दशकात ती बांधली. जमिनीखालचे दालन, वर एकमेकांत मिसळलेले घुमट, आत झाडांसारखे तिरके खांब. आराखड्याला संगणकाची मदत झाली, पण लोखंडी जाळीवर सिमेंटचा थर चढवण्याचे काम साध्या हत्यारांनी, विशेष प्रशिक्षण नसलेल्या मजुरांनी केले. घुमटांवर फुटक्या चिनी मातीचे तुकडे आहेत. दोशी यांना २०१८ मध्ये वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय.

सगळ्याच विलक्षण आकारांना दाद द्यावी, असा याचा अर्थ नाही. हैदराबादेत राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची इमारत माशाच्याच आकाराची आहे (२०१२). ती ओळखू येते, लहान मुलांना आवडते. पण माशाच्या पोटात कचेरी असल्याने कचेरीचे काम, उजेड किंवा वारा यांत काय सुधारले, याचे उत्तर आकार देत नाही. तो नुसता फलक झाला. लंडनमध्ये फेनचर्च स्ट्रीटवरील आत वळलेल्या काचेच्या मनोऱ्याने २०१३ मध्ये ऊन एका जागी एकवटून खाली उभ्या मोटारीचे भाग वितळवले; पुढे त्यावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. सूर्याचा विचार न करता वक्र काच लावणे ही वास्तुकलेतली निष्काळजी आहे, मग चित्र कितीही देखणे असो. टोकियोतील नाकागिन मनोऱ्याची गोष्ट मात्र निराळी. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये १४० खोल्या सुट्या डब्यांसारख्या अडकवल्या. जुना डबा काढून नवा बसवायचा, ही कल्पना. डबे कधीच बदलले गेले नाहीत आणि २०२२ मध्ये इमारत पाडण्यात आली. देखभाल फसली, पण मांडलेला प्रश्न खरा होता, म्हणून ती पडल्याची हळहळ योग्यच आहे. झिंबाब्वेतील हरारे शहरात ईस्टगेट या दुकाने-कचेऱ्यांच्या केंद्राने (१९९६) तर वारुळातील हवेच्या खेळतेपणापासून धडा घेऊन नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय काम चालवले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा गाजावाजाही जाणवत नाही.

पाहण्याच्या रीतीबद्दल थोडे. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून मत बनवू नये. रुंद भिंगाने घेतलेले चित्र अंतरे खोटी दाखवते आणि आवाज, वास, उकाडा यांची दखलच घेत नाही. नकाशा मिळाला तर उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखे दाखवणारे रेखाचित्र, आधी पाहावा, कारण उजेड कुठून येतो आणि भार कुठे जातो ते त्यात दिसते. झाडू मारणाऱ्या, तिकिटे देणाऱ्या, रोज तिथे बसणाऱ्या माणसाशी बोलावे: गळते का, उन्हाळ्यात बसवते का, काच कोण आणि कशी पुसते. पश्चिमेकडे सह्याद्रीचा पाऊस असलेल्या आपल्या भागात पहिला प्रश्न कधीच विसरू नये. घर बांधताना आपल्याकडे एलिव्हेशन कसे हवे, याची चर्चा सर्वांत आधी होते आणि पुढच्या बाजूला पत्र्याचे चकचकीत आच्छादन चढते. पश्चिमेचे ऊन, पागोळ्यांचे पाणी आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर चढले, हे मागाहून आठवते. महापुराच्या रेषेवर उचललेले, खालचा मजला पाण्यासाठी मोकळा सोडणारे घर पंचगंगेकाठी झाले, तर ते दिसायला वेगळे असेल आणि त्या वेगळेपणाला कारण असेल.

कोल्हापुरात हा विषय आज पुस्तकी राहिलेला नाही. खासबागेला लागून असलेले १९१५ मधले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले आणि पुन्हा उभारताना जुने रूप किती ठेवायचे, नवे तंत्र किती आणायचे, हा प्रश्न नाटकवाल्यांपासून रसिकांपर्यंत सर्वांचा झाला. दुसरे उदाहरण किरणोत्सवाचे. दर वर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरून अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत पोहोचतात. मार्गातल्या नव्या इमारतींनी ही किरणे अडू लागली, तेव्हा अडथळ्यांची मोजणी झाली आणि त्यांतले काही हटवलेही गेले. शहराच्या मध्यभागी एखादी इमारत किती उंच असावी, याचा निवाडा नियमांच्या जोडीला शतकांपूर्वी ठरवलेल्या एका उन्हाच्या वाटेने करणारी गावे थोडीच असतील.