छावणी की दावण? माणदेशातल्या चारा-मदतीची पार्श्वभूमी

माण, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात पाऊस हुलकावणी देतो तेव्हा माणसांच्या पाण्याआधी जनावरांच्या वैरणीचा प्रश्न पेटतो. सरकारी मदत तेव्हाही येते. पण ती कुणाच्या हाती द्यायची, गावची जनावरं एकत्र सांभाळणाऱ्या छावणीच्या चालकाच्या की घरच्या दावणीला जनावर बांधणाऱ्या पशुपालकाच्या, यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

ब्रिटिश अमदानीतल्या दुष्काळ संहितांमध्ये चाऱ्याची दखल होती. 1972 च्या दुष्काळात मात्र चर्चा झाली ती रोजगार हमीची आणि सुकडीची, म्हणजे तेव्हा वाटलेल्या पौष्टिक खाऊची. आज आपण जिला छावणी म्हणून ओळखतो, ती ठळक झाली 2012-13 मध्ये. गावाबाहेरच्या माळावर शेडनेटची सावली, उसाचं वाढं आणि घरटी एक माणूस जनावरांपाशी मुक्कामाला. सकाळ-संध्याकाळ तिथूनच दूध डेअरीला जायचं.

फेब्रुवारी 2016 मध्ये मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांतल्या छावण्या चारा पुरेसा असल्याचं सांगून बंद करण्याचा आदेश निघाला आणि ओरड होताच मागे घ्यावा लागला. त्याआधी वर्षभर, मार्च 2015 पासून, राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली होती. पूर्वी दुष्काळात भाकड जनावर बाजारात उभं करून चार पैसे सुटायचे. ती वाट अरुंद झाली आणि छावणीवरचा भार वाढला. हा संबंध सरकारी कागदात फारसा दिसत नाही, पण आठवडी बाजारात कुणालाही विचारा.

31 ऑक्टोबर 2018 ला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. 112 तालुक्यांत तो गंभीर, 39 मध्ये मध्यम. चाऱ्याचे पैसे थेट पशुपालकाच्या खात्यात टाकावेत, अशी चर्चा तेव्हा बरीच रंगली. ‘दावणीला चारा द्या’ ही मागणी तर जुनीच. जनावर घरी राहिलं की माणूसही घरी राहतो, पोरांची शाळा बुडत नाही. यावर प्रशासनाचा आक्षेप असा की पैसा वैरणीवरच खर्च झाला हे कसं तपासायचं? शंका अगदीच पोकळ नव्हती. पण छावणीतही हजेरी फुगवल्याच्या तक्रारी झाल्याच, म्हणून तर कानातले बिल्ले आणि स्कॅनिंग आलं. म्हणजे तपासणीची डोकेदुखी टळली नाही, फक्त दावणीवरून छावणीत गेली.

अखेर 2019 ला छावण्याच उघडल्या. मोठ्या जनावराला दिवसाला 70 रुपये, लहानाला 35. पुढे 90 आणि 45, मग 100 आणि 50. हा पैसा छावणीचालकाच्या बिलात जायचा, शेतकऱ्याच्या हाती येई ती पेंढी. शिवाय एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घ्यायची, अशी सुरुवातीची अट. चार दुभत्या, दोन खिलार बैल आणि वासरं असलेल्या घरानं कुणाला मागे ठेवायचं? मेंढपाळ तर या हिशेबात बराच काळ नव्हतेच. शेळ्या-मेंढ्यांच्या छावण्यांना मान्यता मिळाली तोवर उन्हाळा सरत आला होता.

2022 ला लम्पी ही गुरांची त्वचेची साथ आली तेव्हा मात्र मृत गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये अशी भरपाई थेट पशुपालकासाठीच ठरली. मेलेल्या जनावराचे पैसे मालकाला देता येतात, तर जिवंत जनावराच्या वैरणीचे का नाहीत, असं छावणीविरोधक विचारतात.