संस्कृत, टेम्पो आणि बी-वन: पुण्याच्या जर्मन नात्याची पार्श्वभूमी

मुंबईला जर्मनीचे नवे महावाणिज्यदूत रुजू झाले की त्यांच्या उद्दिष्टांची बातमी येते. गुंतवणूक, विद्यार्थी, हरित ऊर्जा आणि अलीकडे या सगळ्यांच्या वर कुशल मनुष्यबळ. आपल्या मुलामुलींनी तिकडे जाऊन काम करावं, ही जर्मनीची गरज आहे. पुण्यात मात्र हे नातं उलट्या दिशेनं सुरू झालं. आधी नोकरीसाठी तिकडचे लोक इकडे आले, आणि ती नोकरी होती संस्कृत शिकवण्याची.

मार्टिन हाउग १८५९ साली पुण्यात आले. ऋग्वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या ‘ऐतरेय ब्राह्मण’ या ग्रंथाचं त्यांचं संपादन आणि भाषांतर १८६३ मध्ये छापून आलं. यज्ञातले विधी पोथीवरून उमगेनात, तेव्हा त्यांनी श्रौत म्हणजे वैदिक यज्ञकर्म जाणणाऱ्या ब्राह्मणाकडून ते प्रत्यक्ष करवून घेतले. १८६६ मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात आले. पुण्याच्या शास्त्र्यांकडे व्याकरण शिकत शिकत त्यांनी इथं पंधरा वर्षं काढली. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाची त्यांची तीन खंडांची आवृत्ती पुढे काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारून भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतर्फे काढली. आजही अभ्यासक तीच उघडतात.

या काळाचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. पगार इंग्रज सरकारचा होता, वरच्या जागा गोऱ्यांच्या होत्या. शास्त्री शिकवायचे आणि नाव साहेबाचं व्हायचं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या विद्वानालाही मुंबईत डावलून युरोपियन प्राध्यापक नेमला गेला होता. कीलहॉर्न मायदेशी गेल्यावर डेक्कन कॉलेजातली त्यांची जागा भांडारकरांना मिळाली, आणि १८८५ मध्ये कीलहॉर्न शिकवत होते त्याच ग्योटिंगेन विद्यापीठानं त्यांना सन्मान्य पीएच.डी. दिली.

या नात्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग महाभारताचा आहे. चिकित्सक आवृत्तीची, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याची, कल्पना आधी युरोपातल्या पंडितांनी मांडली. हाइन्रिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये तिचा नमुनाही छापला. पहिल्या महायुद्धात ते काम बारगळलं. १९१९ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेनं ते स्वतंत्रपणे हाती घेतलं. १९२५ पासून त्याची धुरा विष्णु सीताराम सुखठणकरांकडे आली, आणि सुखठणकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्याच हाताखाली शिकलेले होते. १९६६ मध्ये महाभारत पुरं झालं. जर्मनीत शिकलेली शिस्त आणि इथल्या शास्त्र्यांचं पाठांतर एकत्र आलं, पण वर्षानुवर्षं पोथ्या ताडून पाहण्याचे कष्ट पुण्याचे होते.

इरावती कर्वे १९२८ मध्ये मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. वंशश्रेष्ठत्वाच्या बाजूनं झुकलेल्या गुरूचा तर्क स्वतःच्या मोजमापांतून टिकत नाही, हे त्यांनी प्रबंधात लिहिलं आणि १९३० मध्ये पदवी घेऊन परतल्या. दुसऱ्या महायुद्धात नगरच्या छावणीत आणि पुरंदरावर जर्मन माणसं स्थानबद्ध होती.

भारत आणि पश्चिम जर्मनीचे राजनैतिक संबंध १९५१ मध्ये जुळले. त्यानंतरचं नातं लोखंडाचं. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांची बजाज टेम्पो सुरू झाली. ‘टेम्पो’ हे हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. आज भाजीचा असो की घरसामानाचा, मराठी माणूस ‘टेम्पो’ म्हणतो तेव्हा तो जर्मन छाप उच्चारत असतो. मर्सिडीजची कंपनी १९९४ मध्ये इथं आली. तिच्या गाड्या आधी पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात बनत, मग २००९ मध्ये चाकणला तिचा स्वतःचा कारखाना झाला. त्याच वर्षी चाकणलाच फोक्सवॅगनही उभी राहिली. औंधच्या ब्रेमेन चौकाचं नावही याच मैत्रीतलं, ब्रेमेन या जर्मन शहरावरून आलेलं.

आता मनुष्यबळ. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांत स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी सामंजस्य करार केला. दहा हजार तरुण पाठवायचे ठरले: नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक, आचारी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली.

आकडे मोठे आहेत, पण सगळं अडतं भाषेपाशी. पुण्यात आठवीला ‘संस्कृत की जर्मन’ हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्या जर्मन शिकल्या. मात्र यातली बरीच मुलं इंजिनिअर होणारी असतात. मंचरच्या किंवा भोरच्या नर्सिंगच्या मुलीला जर्मन भाषेच्या ए-वन या पहिल्या पातळीपासून सुरुवात करून बी-वन, पुष्कळदा बी-टूपर्यंत जावं लागतं. नोकरी सांभाळून, क्लासची फी भरून, बहुतेकदा एसटीनं रोज शहरात ये-जा करून. नव्या दूतांना पुण्यात काही मागायचं असेल, तर त्यांनी तालुक्याच्या गावी जर्मन शिकवणारे शिक्षक आणि त्यांचे पगार यांची सोय आधी मागावी. हाउग यांना इथं संस्कृत शिकवण्यासाठी सरकारी पगार मिळत होता. या मुलींना शिकण्यासाठी अजून घरच्यांकडून पैसे मागावे लागतात.