बाबांचा थकवा आणि कमाटीबागेतली फेरी

बाबांना पार्किन्सन आहे हे कळलं तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या हाताच्या थरथरीकडेच बघत होतो, पण त्यांना जास्त छळायचा तो थकवा. आंघोळ झाली, शर्टाची पाच बटणं लावली की पलंगावर मटकन बसायचे. आम्ही म्हणायचो, बाबा तुम्ही आराम करा, पाणी मी आणते. प्रेमानेच म्हणायचो, पण चुकत होतं.

हा थकवा झोपून जात नाही. साधारण निम्म्या पेशंट्सना तो असतो, काहींना तर थरथर दिसायच्या आधीपासून, आणि घरच्यांना वाटतं आळस आहे (प्लीज, आळशी म्हणू नका त्यांना). या आजारात मेंदूतल्या डोपामाइन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि डोपामाइन नुसतं हातपाय हलवायला लागत नाही, एखाद्या कामासाठी उठावंसं वाटायला पण लागतं. शिवाय आपण चालताना पायांचा विचार करत नाही, ते आपोआप होतं, त्यांना मात्र एकेक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं, मग माणूस दमणारच ना. त्यात बसून राहिलं की स्नायूंची ताकद आणि दम दोन्ही घटतात, तेच काम अजून जड वाटतं, की परत बसणं.

व्यायामाने हे चक्र सैल होतं. औषधासारखा झटपट फरक नाही पडत, पण काही आठवडे नियमित केलं तर बऱ्याच जणांचा थकवा थोडा हलका होतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या 128 नव्या पेशंट्सचा एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला 4 दिवस ट्रेडमिलवर जोरात चालायला सांगितलेल्यांची हालचालीची लक्षणं 6 महिन्यांत जवळजवळ वाढली नाहीत. तो अभ्यास थकव्याचा नव्हता, पण बाबांना बाहेर काढायची हिंमत मला त्यानेच दिली.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातून रिक्षाने कमाटीबागेत जातो, पार्किन्सनच्या गोळीचा असर चढल्यावर, कारण त्याआधी पाय उचलतच नाहीत. सुरुवातीला फुलांच्या घड्याळापासून पुढच्या बाकापर्यंतच, मग पाच मिनिटं बसायचं. मी शेजारून "एक-दोन, एक-दोन" म्हणते, त्या ठेक्यावर पावलं लांब पडतात. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकाच दम लागू द्यायचा, हे फिजिओने शिकवलं. बाकावरून उठताना मात्र घाई नाही, या आजारात उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं, म्हणून मी आधी त्यांचा हात धरते, दोघं जरा थांबतो, मग "चला" ते म्हणतात.